दुर्गम डोंगरांत लहान विमान उडवताना: परतीची वाट बंद करणाऱ्या या चुका टाळा

डोंगरात कोसळलेल्या लहान विमानांच्या अपघातांचे अहवाल वाचत गेले, की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. विमान ज्या ठिकाणी कड्यावर आदळले, त्या ठिकाणी वैमानिकाच्या हातात करण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. निर्णय चुकला होता तो पाच-दहा मिनिटे आधी, दरीच्या तोंडाशी, किंवा त्याच्याही आधी, जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात सामान भरताना. म्हणूनच पुढे सांगितलेल्या चुकांचा संबंध हातापायांच्या कौशल्याशी कमी आणि निर्णयाशी अधिक आहे. त्या प्रत्येकीला एकच प्रश्न लावून पाहावा: या क्षणी मला मागे फिरता येईल का?

दरीच्या मधोमध उडणे

दरीच्या मध्यरेषेवरून उडणे सुरक्षित वाटते, कारण दोन्ही बाजूंचे कडे सारखेच लांब दिसतात. प्रत्यक्षात तसे उडणारा वैमानिक वळण्यासाठी उपलब्ध असलेली निम्मी जागा आधीच खर्च करून बसलेला असतो. एका बाजूच्या उताराला धरून उडाल्यास दरीची जवळजवळ संपूर्ण रुंदी वळणासाठी मोकळी राहते. ही बाजू शक्यतो वारा ज्या उतारावर येऊन थडकतो तीच असावी, कारण तिथे हवा वर चढत असते आणि मागे वळण्याची वेळ आली तर वळण वाऱ्याकडे तोंड करत घेतले जाते, त्यामुळे जमिनीच्या हिशेबाने ते आखूड पडते.

वळणाला किती जागा लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण वळणाची त्रिज्या वेगाच्या नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विमान ३० अंश कलवून १२० नॉट (तासाला १२० सागरी मैल) या खऱ्या हवाई वेगाने, म्हणजे भोवतालच्या हवेच्या तुलनेतल्या प्रत्यक्ष वेगाने, पूर्ण मागे फिरायचे असेल, तर सुमारे १,३५० मीटर रुंदी लागते. वेग ८० नॉटवर आणला तर तेच वळण सुमारे ६०० मीटरमध्ये बसते, आणि त्याच वेगाला ४५ अंशांचा कल दिला तर ३५० मीटरच्या आसपास. म्हणून अरुंद दरीत शिरण्यापूर्वी वेग कमी करून, विमानाच्या पुस्तिकेत बसेल तेवढे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग, आधीच उतरवून ठेवावेत. मात्र कल वाढवण्याची किंमतही लक्षात असू द्यावी: उंची कायम राखून घेतलेल्या ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो आणि ६० अंशांच्या वळणात ४१ टक्क्यांनी. घाबरून घेतलेले तीव्र वळण आणि स्टॉल यांत फार अंतर नसते.

दरीचा तळ हळूहळू चढत असेल, तर एक फसवी गोष्ट घडते. समोरचा चढता उतारच क्षितिज आहे असे डोळ्यांना वाटू लागते. वैमानिकाला आपण सपाट उडत आहोत असे वाटत असते, पण त्या खोट्या क्षितिजाशी जुळवून घेताना विमानाचे नाक त्याच्या नकळत वर उचलले गेलेले असते. इंजिनाचा आवाज पूर्वीसारखाच असतो आणि थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला, हातही लागलेला नसतो. तरी वेगदर्शकाचा काटा ९५ वरून ८५ वर, ८५ वरून ७५ वर घसरत जातो आणि मघाशी हिरवा पट्टा दिसणाऱ्या जंगलातली झाडे आता एकेक करून मोजता येतात. हे लक्षात येते तेव्हा उंची, वेग आणि रुंदी या तिन्ही गोष्टी एकदमच संपत आलेल्या असतात. उपाय जुनाच आहे: अनोळखी दरीत खालच्या टोकाने चढत शिरू नये, आधी वरून पाहणी करावी, वरच्या टोकाकडे उंची राखून जावे आणि उताराच्या दिशेने उतरत यावे.

नकाशातली दरी आणि समोरची दरी एकच आहे, याची खात्री न करणे ही याच चुकीची धाकटी बहीण म्हणावी लागेल. अलास्कातील मेरिल खिंड यासाठी कुप्रसिद्ध आहे. चुकीच्या फाट्यात वळलेल्या विमानांचे अवशेष तिथल्या उतारांवर पडलेले आहेत. जीपीएसवर जांभळी रेषा दिसते म्हणून फाटा बरोबरच आहे असे समजू नये; दिशा, नदीचे वळण आणि खिंडीची उंची हे तिन्ही जुळले पाहिजे, आणि त्यांतले एक जरी जुळत नसेल तर वळायला जागा आहे तोवरच वळावे.

डोंगरधार काटकोनात ओलांडणे

धार जवळ आली की सरळ तिच्यावर चाल करून जाण्याचा मोह होतो, कारण अंतर तेवढे वाचते. धारेशी ४५ अंशांचा कोन करून जावे. असे गेल्यास ऐन वेळी खाली ओढणारी हवा भेटली, तर ९० अंशांच्या वळणात उतरत्या भूभागाकडे तोंड करता येते. धारेवर किमान १,००० फूट आणि वारा जोराचा असेल तर २,००० फूट उंची हाताशी असावी. धारेच्या पातळीवरचा वारा २५ नॉटच्या पुढे असेल, तर लहान विमानाने त्या दिवशी ती धार सोडूनच द्यावी, असे माझे मत आहे. अनुभवी वैमानिक अपवाद करतात, पण अपवाद करणाऱ्यांना त्याची कारणेही ठाऊक असतात.

आपण धारेच्या वर आहोत की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. जवळ जाताना धारेपलीकडचा मुलूख अधिकाधिक दिसू लागला, तर आपण तिच्यापेक्षा उंच आहोत. पलीकडचा मुलूख धारेआड बुडू लागला, तर आपण खाली आहोत, मग उंचीमापक काहीही सांगत असो.

धारेच्या वातविन्मुख बाजूला, म्हणजे वारा ज्या बाजूने खाली उतरतो तिकडे, हवा मिनिटाला १,००० फुटांहून अधिक वेगाने खाली जाऊ शकते. १०,००० फुटांवर भरलेले चार आसनी साधे विमान मिनिटाला जेमतेम ३०० फूट चढते. हा व्यवहार जुळणारा नाही. अशा हवेत सापडल्यास उंची टिकवण्यासाठी नाक वर ओढत राहणे ही सर्वांत महागात पडणारी प्रतिक्रिया आहे, कारण उंची तर जातेच, वर वेगही जातो. पूर्ण शक्ती द्यावी, वेग राखावा, उतरत्या जमिनीकडे वळावे आणि त्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडावे. शिखरांवर एका जागी थांबल्यासारखे दिसणारे गुळगुळीत भिंगाकृती ढग आणि त्यांच्याखाली गरगरणारे फाटके ढग जमिनीवरूनच दिसत असतील, तर डोंगरामागे हवेच्या लहरी व रोटर, म्हणजे हवेचे आडवे भोवरे, तयार झाले आहेत, असे गृहीत धरावे.

हवेची घनता न मोजता सामान भरणे

धावपट्टी समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांवर असेल, तर प्रमाण वातावरणानुसार तिथले तापमान सुमारे उणे १ अंश सेल्सिअस असायला हवे. प्रत्यक्षात दुपारी २५ अंश असेल, तर प्रत्येक जादा अंशामागे १२० फूट या ठोकताळ्याने डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणाशी जुळणारी उंची, ११,१०० फुटांच्या पुढे जाते. म्हणजे विमान उभे ८,००० फुटांवर असले, तरी पंख, प्रोपेलर आणि इंजिन ११,००० फुटांवर असल्यासारखे वागतात. टर्बोचार्जर नसलेले इंजिन दर १,००० फुटांमागे ढोबळमानाने ३ टक्के शक्ती गमावते, त्यामुळे अशा दुपारी साधारण दोन-तृतीयांश शक्तीच हाताशी असते. त्यात इंधन आणि हवेचे मिश्रण उंचीनुसार पातळ न करताच, म्हणजे इंधनाचे प्रमाण कमी न करताच, उड्डाण सुरू केले, तर उरलेल्या शक्तीतूनही काही वाया जाते.

उपाय म्हणजे सकाळी निघणे, कमी इंधन घेऊन दोन खेपा करणे आणि पुस्तिकेतील आकड्यांवर पुरेशी भर घालणे, कारण ते आकडे नव्या विमानाचे आणि कसलेल्या चाचणी वैमानिकाचे असतात. त्याखेरीज धावपट्टीच्या मध्यावर एक खूण निश्चित करावी. त्या खुणेपाशी उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आलेला नसेल, तर थ्रॉटल मागे घ्यावे. त्यामागचा हिशेब सोपा आहे: ०.७ चा वर्ग ०.४९ होतो, म्हणजे निम्म्या अंतरात ७० टक्के वेग आला नाही, तर उरलेल्या निम्म्यात उरलेला वेग येणार नाही. मात्र धावपट्टीच्या टोकाला झाडे असतील तर हा नियम अपुरा आहे. तो चाके जमिनीवरून उचलण्याची हमी देतो, झाडे ओलांडण्याची नव्हे.

उतरताना हीच विरळ हवा उलट्या बाजूने फसवते. १०,००० फूट डेन्सिटी अल्टिट्यूडला वेगदर्शकावर ६० नॉट दिसत असताना खरा वेग ७० नॉटच्या आसपास असतो. जमीन नेहमीपेक्षा भरभर मागे पळताना दिसते आणि वैमानिक नकळत वेग कमी करतो. डोळ्यांवर नव्हे, वेगदर्शकावर विश्वास ठेवावा, आणि उतरल्यावर धाव सुमारे ३५ टक्क्यांनी लांबणार हे आधीच धरून चालावे.

एकाच दिशेच्या धावपट्टीवर निर्णय लांबवणे

नेपाळमधील लुक्ला येथील तेनझिंग-हिलरी विमानतळाची धावपट्टी ५२७ मीटर लांब असून तिला जवळपास १२ टक्के चढ आहे. एका टोकाला डोंगर आहे आणि दुसऱ्या टोकाला दरी. विमाने चढाकडे तोंड करून उतरतात आणि उताराच्या दिशेने उडतात. अंतिम टप्प्यात एका ठरावीक बिंदूनंतर पुन्हा वर उठून फेरी मारण्याची सोयच नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी उतरण्याच्या अगदी शेवटच्या क्षणांत धुके दाटून आले, विमान धावपट्टीच्या अलीकडच्या उतारावर आदळले आणि १९ पैकी १८ जण मृत्युमुखी पडले. केवळ कॅप्टन बचावले.

अशा धावपट्टीसाठी निर्णयबिंदू आदल्या दिवशी नकाशावर ठरवावा आणि हवेत त्याच्याशी वाटाघाटी करू नयेत. त्या बिंदूपाशी वेग, उंची, वारा आणि धावपट्टीचे पूर्ण दर्शन या चारपैकी एक जरी बाब मनासारखी नसेल, तर तिथूनच वळावे. 'थोडे पुढे जाऊन पाहू' या वाक्याला त्या बिंदूनंतर अर्थ उरत नाही.

हिमनदीवर उतरताना आणखी एक अडचण येते. ढगाळ उजेडात बर्फावर सावली पडत नाही, आणि विमान जमिनीपासून पाच फुटांवर आहे की पन्नास, हे डोळ्यांना कळत नाही. आधी एक फेरी मारून गडद रंगाच्या पिशव्या बर्फावर टाकणे ही जुनी युक्ती आहे. तेही शक्य नसेल, तर उतरू नये.

ढग आणि 'तेवढ्यातून निघून जाऊ'

इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत उडायला लावले गेले. सर्वांचा विमानावरचा ताबा सुटला, आणि सरासरी वेळ भरली १७८ सेकंद. डोंगरात तर तेवढाही अवधी मिळत नाही, कारण कडा त्याआधीच येतो.

अलास्कात अनेक खिंडींच्या तोंडाशी हवामान कॅमेरे बसवलेले आहेत, आणि त्यांचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे निघण्यापूर्वीच न निघण्याचा निर्णय घेणे. खिंडीच्या अलीकडे आकाश मोकळे असते आणि ढग पलीकडून खिंडीत भरत येतात, त्यामुळे एकाच बाजूचे हवामान पाहून निघू नये. खिंडीपलीकडची जमीन स्पष्ट दिसत नसेल, तर खिंडीत शिरू नये. इंधनाचा हिशेब मुक्कामापर्यंतचा न करता खिंडीपर्यंत जाऊन मूळ जागी परत येण्याचा करावा. नाहीतर टाकीतले इंधनच वैमानिकाला पुढे ढकलत राहते. तिकडे वाट पाहणारा गिऱ्हाईक, विमानात बसलेले नातेवाईक, घरी पोहोचण्याची घाई, हीही ढकलणारीच मंडळी आहेत. त्यांना निघण्यापूर्वीच 'आज कदाचित परत यावे लागेल' असे मोठ्याने सांगून टाकावे, म्हणजे मागे फिरणे हा ठरलेल्या बेताचाच एक भाग होतो.

प्राणी, पाहुणे आणि खालचे घर

ही चूक हास्यास्पद वाटते, पण अलास्कात तिला स्वतःचे नाव आहे: मूस स्टॉल. नदीकाठी मूस, म्हणजे तिथले प्रचंड आकाराचे हरीण, दिसतो, वैमानिक कमी उंचीवर त्याच्याभोवती घिरट्या घालू लागतो, नजर खाली, वळण आवळत जाते, वाऱ्यामुळे वर्तुळ सरकते म्हणून ते आणखी आवळले जाते, आणि स्टॉलचा भोंगा वाजतो तेव्हा सावरण्यासाठी खाली उंचीच नसते. मूसच्या जागी मित्राची झोपडी किंवा छायाचित्र काढणारा प्रवासी असला, तरी परिणाम तोच. पाहायचेच असेल तर सरळ रेषेत, सुरक्षित उंचीवरून एकदा जावे.

सामान विमानात बांधणे, अंगावर न ठेवणे

अलास्काच्या कायद्यानुसार विमानात प्रत्येकासाठी आठवडाभराचे अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, सुरी, आग पेटवण्याचे साधन आणि इशारा देण्याची साधने असावी लागतात; १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात स्नोशू (बर्फात न रुतता चालण्याची रुंद पादत्राणे) आणि स्लीपिंग बॅगही. यादी उत्तम आहे, पण तिच्यातला एकही जिन्नस जळणाऱ्या किंवा पाण्यात बुडणाऱ्या विमानातून बाहेर येईलच, असे नाही. आग पेटवण्याचे साधन, सुरी आणि उपग्रह संदेशयंत्र खिशात किंवा जाकिटातच असावे.

उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून १२१.५ मेगाहर्ट्‌झ वरील आपत्कालीन संकेत टिपणे बंद केले आहे. जुना संकेत-प्रक्षेपक अजून विमानात असेल, तर तो बदलून ४०६ मेगाहर्ट्‌झचा बसवावा आणि त्याची नोंदणी स्वतःच्या नावावर आहे का, हे तपासावे. वाटेत मार्ग बदलला, तर ज्याच्याकडे उड्डाणाचा बेत दिला आहे त्याला रेडिओवरून लगेच कळवावे, कारण शोध घेणारे जुन्या दरीपासूनच सुरुवात करतील.