मोबाइलचा फोटो थेट वेबसाइटवर टाकू नका

दादरच्या एका साडीच्या दुकानाची वेबसाइट परवा लोकलमध्ये उघडली. कुर्ल्याला टॅप केलं, सायन आलं तरी पान पांढरंच. पहिलाच फोटो निघाला ५ एमबीचा, ४००० पिक्सेल रुंद! मोबाइलच्या पडद्याला १२०० पिक्सेल भरपूर होतात.

उपाय फुकटचा आहे:

१. ब्राउझरमध्ये स्क्वूश (squoosh.app, फोटो हलके करणारी वेबसाइट) उघडा आणि फोटो त्यात ओढून टाका. फोटो तुमच्याच यंत्रावर लहान होतो, कुठे अपलोड होत नाही. ग्राहकांचे फोटो हाताळताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

२. रिसाइझमध्ये रुंदी १२००.

३. फॉरमॅट वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार), क्वालिटी ७५. आता मधली पट्टी डावी-उजवीकडे सरकवून मूळ आणि नवा फोटो ताडून बघा. साडी असेल तर काठाच्या जरीवर झूम करा. बिघाड आधी तिथेच दिसतो. जरीची नक्षी पुसट वाटली तर क्वालिटी ८२ पर्यंत चढवा. पदराच्या सपाट रंगाला ७० सुद्धा चालतं.

४. पानाच्या कोडमध्ये फोटो दाखवणाऱ्या इमेज टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, म्हणजे फोटो येताना मजकूर खाली उडी मारत नाही. वाचता वाचता ओळ हरवली की माणूस वैतागतो.

खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचक जवळ पोचला की मगच फोटो उतरवणं) जरूर लावा. पण पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या फोटोला ते अजिबात लावू नका, नाहीतर नेमका तोच उशिरा येतो.