घर झालेल्या परक्या शहराचा निरोप कसा घ्यावा

परदेशातील एखाद्या शहरात काही वर्षे काढल्यावर ते सोडण्याची वेळ येते, तेव्हा आपण सामानाची आखणी काटेकोरपणे करतो आणि निरोप मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. त्या आठवड्यात घरमालक, बँक आणि सामान नेणारी माणसे यांच्यातून डोके वर काढायला सवड मिळत नाही आणि ज्यांना निवांत भेटायचे असते त्यांच्याशी फोनवर दोन मिनिटे बोलून विमानतळ गाठावा लागतो. एक शहर मी असेच सोडले, त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून जाण्याची तारीख ठरताच निरोपासाठी निदान दोन महिने राखावेत.

त्यांतले पहिले काही आठवडे कागदपत्रांना द्यावेत, कारण ती कामे डोक्यावर असताना मन दुसरीकडे लागत नाही. जे कागद त्याच देशात मिळू शकतात, ते आधी मिळवावेत: मुलांच्या जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, वैद्यकीय अहवाल, करभरणा आणि निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचे पुरावे. हेगच्या ५ ऑक्टोबर १९६१ च्या करारानुसार सरकारी कागदांना त्या करारातल्या इतर देशांत वापरण्यासाठी ‘अपोस्टिल’, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचे प्रमाणपत्र, मिळते, पण ते ज्या देशाने कागद दिला त्याच देशाकडून घ्यावे लागते. हे काम परतल्यावर दुरून करणे फार जिकिरीचे होते. बँकेचे खाते घराची अनामत आणि शेवटची बिले मिटेपर्यंत बंद करू नये आणि स्थानिक मोबाइल क्रमांक सोडण्यापूर्वी ओटीपी त्याच क्रमांकावर येणारी सगळी खाती नव्या क्रमांकाला जोडून घ्यावीत.

यानंतर माणसे. वारंवार देश बदलणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निरोपाचे चार भाग सांगितले आहेत: समेट, कृतज्ञतेची कबुली, प्रत्यक्ष निरोप आणि पुढच्या मुक्कामाचा विचार. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘राफ्ट’, म्हणजे तराफा, असा शब्द तयार होतो. यातला समेट सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या सहकाऱ्याशी किंवा शेजाऱ्याशी बिनसलेले असेल, तर ‘आता जायचेच आहे, कशाला उकरून काढायचे’ असे वाटते. पण समोरासमोर भेटण्याची सोय संपली की तो सल आपल्याबरोबर येतो आणि पुढे त्या शहराची आठवण निघाली की तोच आधी वर येतो. शिवाय जाण्याचा दिवस जवळ येऊ लागला की शहराचे आणि मित्रांचे दोष एकाएकी मोठे दिसू लागतात, क्षुल्लक कारणांवरून खटके उडतात. तुटण्याचे दुःख कमी व्हावे म्हणून मन आधीच दूर सरकत असते, हे ओळखून तेवढे दिवस जिभेवर ताबा ठेवावा.

कृतज्ञता मोघम असू नये. ‘तुमची खूप मदत झाली’ याऐवजी ‘पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडलो होतो, तेव्हा तुम्ही औषध आणून दिलेत’ असे सांगावे आणि शक्य असेल तर ते त्यांच्या भाषेत सांगावे, मग व्याकरण चुकले तरी हरकत नाही. निरोप समारंभाला जवळचे मित्र येतातच. ग्रंथालयातल्या बाई, केस कापणारा, रोज जिन्यात भेटणारे वृद्ध गृहस्थ यांना मात्र आपणहून जाऊन सांगावे लागते. आपण न सांगता निघून गेलो, तर त्यांच्या दृष्टीने ओळखीचा एक माणूस एके दिवशी नुसता दिसेनासा होतो.

जागांचा निरोप घेताना प्रेक्षणीय स्थळांच्या मागे लागू नये. त्यांची छायाचित्रे कुठेही मिळतात. आपले शहर म्हणजे घरापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता, पत्रपेटीवरचे आपले नाव, सकाळी स्वयंपाकघरात येणारे ऊन. त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि आवाजही ध्वनिमुद्रित करावेत: पुढच्या स्थानकाची घोषणा, दाराची घंटा, खिडकीखालचा पाऊस. छायाचित्रे सगळेच घेतात, आवाज जपायचे मात्र राहून जाते. मुले असतील तर त्यांच्या जागा त्यांनाच निवडू द्याव्यात आणि त्यांची खेळणी त्यांना न विचारता कोणाला देऊ नयेत.

शेवटच्या दिवशी घर रिकामे झाल्यावर, किल्ली देण्यापूर्वी, प्रत्येक खोलीत थोडा वेळ एकट्याने उभे राहावे. रडू आले तर आवरू नये.

परतल्यावरचे काही महिनेही निरोपातच धरावेत. जॉन आणि जीन गलाहॉर्न या अभ्यासकांनी १९६३ साली असे मांडले की परदेशात रुळताना मन जसे खाली-वर होते, तसेच ते मायदेशी परतल्यावरही पुन्हा होते. त्यामुळे स्वतःच्या गावात परके वाटू लागले, तर परतण्याचा निर्णय चुकला असा अर्थ लगेच काढू नये. ज्यांना पत्र पाठवण्याचा शब्द दिला असेल, त्यांना पहिल्याच महिन्यात पत्र पाठवावे आणि त्यात आपली खुशाली थोडक्यात लिहून त्यांच्या गल्लीत काय चालले आहे ते विचारावे.