जुना किंडल टाकू नका, डिस्प्ले म्हणून वापरा
जुना किंडल ४ (ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) पडून असेल तर जेलब्रेक करून (कंपनीने घातलेलं कुलूप काढून) टेबलावरचा डॅशबोर्ड, म्हणजे आकडे-माहिती दाखवणारा पडदा बनवा, त्याच्या ई-इंक स्क्रीनला चित्र बदलतानाच पॉवर लागते, एकदा उमटलं की नुसतं बसून राहतं. त्याच्यावर जड काही चालवायच्या भानगडीत पडू नका, प्रोसेसर बिचारा दमतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ६०० बाय ८०० पिक्सेलची पीएनजी (चित्राची फाइल) बनवा, किंडलने ती क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) वायफायवरून ओढून ईआयपीएस या स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या कमांडने दाखवायची, बस. पीएनजी ८ बिट ग्रेस्केलच (नुसत्या काळ्या-करड्या-पांढऱ्या छटांची) हवी हं, मी रंगीत टाकली आणि स्क्रीनवर नुसता चिवडा, तासभर वायफायलाच शिव्या घालत बसलो! आधीच्या आकड्यांची भुतं, म्हणजे पुसट ठसे दिसायला लागले तर अधूनमधून फुल रिफ्रेश मारा, म्हणजे अख्खी स्क्रीन पुसून पुन्हा काढा.