मराठी मजकुराचे रफार-अनुस्वार छापताना कापले जात असतील तर

वर्डमध्ये टाइप केलेल्या मराठी मजकुरात कधीकधी वरचे रफार, वेलांट्या, अनुस्वार अर्धे कापलेले दिसतात. फाँट बदलण्याआधी ओळींमधलं अंतर, म्हणजे छापखान्याच्या भाषेत लीडिंग, तपासा. बहुतेकदा चूक तिथेच सापडते.

१. मजकूर निवडून 'पॅराग्राफ'ची चौकट उघडा.
२. 'लाइन स्पेसिंग'मध्ये 'एक्झॅक्टली' असेल आणि आकडा अक्षराच्या आकाराएवढाच (१२ला १२) असेल, तर मात्रांना जागाच उरत नाही.
३. अर्ज, पत्र असेल तर 'ॲट लीस्ट' निवडा.
४. पुस्तक किंवा स्मरणिका असेल तर 'एक्झॅक्टली'च ठेवा, पण आकडा वाढवा. १२ पॉइंटच्या अक्षराला मी १८ पॉइंट देते. 'ॲट लीस्ट'मध्ये ज्या ओळीत मोठं अक्षर किंवा वेगळा फाँट असेल ती ओळ तेवढी खाली सरकते आणि पानावर ओळी विषम दिसतात, ते डोळ्यांना फार खुपतं.

तपासायला 'मूर्तींना' हा शब्द छापून बघा. रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खालचा ऊकार, सगळं एकाच शब्दात येतं.

मात्र अंतर वाढलं की पानंही वाढतात, म्हणून अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक यानंतरच टाका.