सेलफिशवाल्या जुन्या फोनची कमांड लाइन उघडून आतल्या फाइल्स बाहेर कशा काढायच्या

२०१६ च्या जुलैमध्ये इंटेक्सचा ॲक्वा फिश नावाचा फोन आला होता, साधारण साडेपाच हजारात, आत अँड्रॉइड नाही तर फिनलंडच्या योलाचं सेलफिश ओएस, म्हणजे अस्सल लिनक्स. मी तो घेतला आणि त्याच वर्षी चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी आरती चालू असताना काकांचं घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) त्यावर रेकॉर्ड केलं. काका आता नाहीत. मग फोन शोधून लॅपटॉपला लावला तर फोटो दिसतात, गाणी दिसतात, पण रेकॉर्डिंग कुठेच नाही, कारण रेकॉर्डरच्या ॲपने फाइल्स टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात ठेवलेल्या आणि नुसती केबल लावून लॅपटॉपला ते फोल्डर दिसतच नाही. अशा वेळी कमांड लाइनशिवाय, म्हणजे हुकूम टाइप करून फोन चालवण्याशिवाय, गत्यंतर नाही, आणि ती उघडणं वाटतं तेवढं अवघड नाहीये. कुणाच्या कपाटात सेलफिशचा कुठलाही फोन पडून असेल तर तो चालू होतोय तोवर हे करून घ्या, मनापासून सांगतोय.

एक लक्षात ठेवा, कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडेच वापरायचे.

आधी फोन पूर्ण चार्ज करा आणि तारीख बघा. बॅटरी बरेच महिने उतरलेली असली की फोन भलतीच जुनी तारीख दाखवतो, आणि तारीख चुकीची असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट फोनला पटत नाही, डाउनलोड होत नाही आणि आपण उगाच नेटला दोष देत बसतो. तारीख नीट केलीत की सेटिंग्जमध्ये डेव्हलपर मोड शोधा (काही व्हर्जनला त्याचं नाव डेव्हलपर टूल्स आहे) आणि चालू करा. तो थोडं सामान नेटवरून उतरवतो म्हणून वायफाय लागतंच. झालं की ॲप्समध्ये टर्मिनल येतं, म्हणजे कमांड लाइन फोनवरच मिळाली! पण त्या बारक्या कीबोर्डवर लांब कमांड मारणं म्हणजे शिक्षा आहे, म्हणून लॅपटॉपवरून जाऊया.

त्याच पानावर रिमोट कनेक्शन म्हणून एक बटण आहे. ते चालू करा, खाली पासवर्ड स्वतःचा टाका आणि सेव्ह करा. आता केबल लावली की फोन विचारतो काय करायचंय, तिथे डेव्हलपर मोड निवडा, चार्जिंग नाही. केबल मात्र डेटावाली हवी, बाजारात मिळणाऱ्या कितीतरी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ अशाच केबलमागे घालवली.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर टर्मिनल उघडून मारा: एसएसएच नेमो@१९२.१६८.२.१५. एसएसएच म्हणजे लॅपटॉपवरून फोनच्या कमांड लाइनमध्ये शिरायची कमांड, आणि यूएसबीवर सेलफिशचा पत्ता हाच असतो. नेमो हे जुन्या फोनवरच्या युजरचं नाव, नव्या सेलफिशवर त्याजागी डिफॉल्टयुजर असं सलग लिहायचं. पहिल्यांदा फिंगरप्रिंटबद्दल (म्हणजे फोनची ओळखखूण, बोटाचा ठसा नव्हे) विचारेल तिथे येस, मग पासवर्ड, आणि पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, घाबरू नका. विंडोजवाल्यांनी केबलच्या ड्रायव्हरच्या मागे न लागता घरच्या वायफायने जावं, वायफायचा पत्ताही त्याच पानावर दिसतो आणि विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या व्हर्जनमध्ये एसएसएच आधीपासूनच असतं. फक्त शॅकच्या किंवा हॉटेलच्या फुकट वायफायवर हे करू नका, दार सगळ्यांना उघडं राहतं.

आता अडतं कुठे ते सांगतो. नवा लॅपटॉप आणि जुना फोन असेल तर "नो मॅचिंग होस्ट की टाइप" असं येऊन कनेक्शन तुटतं. ओपनएसएसएचने (लॅपटॉपवरचं एसएसएचचं सॉफ्टवेअर) ८.८ व्हर्जनपासून, म्हणजे २०२१ पासून, ओळख पटवायची जुनी एसएसएच-आरएसए पद्धत आपोआप वापरणं बंद केलं आणि फोनला तर तेवढीच येते. तेव्हा कमांडमध्ये एसएसएच या शब्दानंतर स्पेस देऊन जोडा: -ओ होस्टकीअल्गोरिदम्स=+एसएसएच-आरएसए. यातला एच, के आणि ए कॅपिटल असले तर वाचायला बरं, नसले तरी चालतं. दुसरं म्हणजे "होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड" अशी मोठी धमकी येते, ती बहुतेकदा याआधी दुसरा सेलफिश फोन त्याच पत्त्यावर लावलेला असतो म्हणून. एसएसएच-कीजेन -आर १९२.१६८.२.१५ मारा, आर कॅपिटल, आणि परत जोडा.

आत शिरलात की आपण होम फोल्डरात असतो. मी मारलं ते असं: फाइंड, स्पेस, एक टिंब, स्पेस, -साइज, स्पेस, +२०००के. म्हणजे साधारण दोन एमबीपेक्षा मोठ्या सगळ्या फाइल्स, लपलेल्यासुद्धा. यादीत .लोकल/शेअर खाली ॲपच्या नावाचा फोल्डर आणि त्यात तारखेच्या नावाच्या फाइल्स सापडल्या. रूट, म्हणजे फोनवर सगळे अधिकार असलेला युजर, व्हायचं असेल तर डेव्हल-एसयू आणि तोच पासवर्ड, पण फाइल्स काढायला त्याची गरज नाही आणि गरज नसताना रूट होऊच नका, फाइल पुसणारी एक चुकीची आरएम कमांड आणि ज्यासाठी एवढं केलं तेच जायचं.

कॉपी करायची कमांड फोनच्या आतून नाही, लॅपटॉपवर दुसरं टर्मिनल उघडून मारायची, इथे बरेच जण चुकतात. एससीपी -ओ -आर नेमो@१९२.१६८.२.१५: आणि त्याला चिकटूनच त्या फोल्डरचा मार्ग, मग स्पेस देऊन शेवटी एक टिंब, म्हणजे इथेच आण. यातला ओ कॅपिटल, तो जुन्या पद्धतीने कॉपी कर असं सांगतो, कारण ओपनएसएसएचच्या ९.० पासून एससीपीची आतली पद्धत बदललीये, आणि आर लहान. मघाचा होस्ट कीचा जोड लागला असेल तर तोही इथे परत द्यायचा, त्यातला ओ मात्र लहान, दोघांची गल्लत करू नका.

फोन पोस्टमार्केटओएसचा (फोनवरचं आणखी एक लिनक्स) असेल तर रीत हीच पण पत्ता १७२.१६.४२.१, तयार इमेजमध्ये नाव युजर आणि पासवर्ड १४७१४७, आत गेल्या गेल्या तो बदला. उबंटू टच या तिसऱ्या लिनक्सवर डेव्हलपर मोड चालू करून लॅपटॉपवर एडीबी शेल ही कमांड मारायची.

कॉपी झाली की प्रत्येक फाइल लॅपटॉपवर शेवटपर्यंत वाजवून बघा, नुसता आकार बघून समाधान मानू नका. माझी पहिली वाजली तेव्हा आधी कासाळं (मोठ्या झांजा), मागून शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि मग काकांचं घुमट आलं, आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आली. ऐकून झाल्यावर दुसऱ्या डिस्कवर अजून एक कॉपी टाकली आणि फोनवरचं रिमोट कनेक्शन बंद केलं, तुम्हीही ते विसरू नका.