घरी मोटरबोट बांधताय? सामान घेताना या चुका टाळा

पावसाळा संपला की आमच्या मालवण-देवबाग पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या खळ्यात नव्या बोटीचा सांगाडा उभा राहतोच. बारा-चौदा फुटी, प्लायवूडची, मागे ९.९ किंवा १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून अडकवायचं इंजिन, खाडीत फिरायला नाहीतर सुट्टीच्या दिवशी गरवायला. मला बघायला बोलावतात, पण कधी, तर सगळं सामान घरात येऊन पडल्यावर. मग मी प्लायची कड बघतो, रेझिनचा डबा बघतो आणि काय बोलावं ते सुचत नाही, कारण पोरांनी वर्षभर पैसे साठवलेले असतात. म्हणून आधीच लिहितोय. कापणी चुकली तर तुकडा बदलता येतो, रंग बिघडला तर घासून परत मारता येतो, पण सामान चुकीचं असेल तर त्याच्यावर केलेली सगळी मेहनत त्याच्यासोबत जाते.

"मरीन" शिक्का बघून प्लाय घेणं

ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की हिच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मुलाने १३ फुटी बोट काढायला घेतली. हात चांगला, मापं बरोबर, सांधे बघून तर मीच खूश झालो. प्लाय आणला घाटावरच्या एका दुकानातून, प्रत्येक शीटवर मोठ्या अक्षरात "मरीन" छापलेलं, आणि भाव इतरांपेक्षा खूपच कमी. मी एक तुकडा कापून कड बघितली तर वरचा पापुद्रा गुळगुळीत आणि आत मधल्या थरात दोन पट्ट्यांच्या मध्ये करंगळीचं टोक जाईल एवढी फट. त्याला म्हटलं हा तुकडा न्हाणीच्या चुलीवर उकळत ठेव, संध्याकाळी बघू. तर म्हणाला, "काकानू, आतला कोण बघता? वरसून फायबर मारूचा आसा."

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली, दिसायला देखणी, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या मार्चमध्ये वर ओढली तेव्हा तळाला, बरोबर मधल्या फळीच्या खाली, हाताच्या पंज्याएवढा फुगवटा होता. मी त्यावर पेचकस टेकवला आणि जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. भोकातून काळं पाणी आलं, आंबूस वास, आणि मग थर असे सुटत गेले जसं भिजलेल्या वहीची पानं सुटतात. झालं काय होतं, तर फायबरला कुठेतरी वाळूवर घासून बारीक चर पडली, तिथून पाणी आत शिरलं आणि आतल्या त्या फटीतून पन्हळीतून वाहावं तसं लांबपर्यंत पोचलं. अख्खा तळ काढावा लागला. तो मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही, नुसता बोटीच्या बाजूला बसून राहिला, आणि मला आजही वाटतं की मी तेव्हा अजून जोर देऊन सांगायला हवं होतं.

तर प्लाय घेताना "मरीन" हा शब्द वाचूच नका. शीटवर आयएसआय मार्क पाहिजे, त्याच्यासोबत आयएस ७१० हा आकडा पाहिजे आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर पाहिजे. तो नंबर दुकानात उभं राहूनच मोबाईलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, कंपनीचं नाव जुळतं का बघा. दुकानदार "बीडब्ल्यूआर घ्या, तेच असतं" म्हणाला तर ते तेच नसतं, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला थोडंफार दाद न देणारा आयएस ३०३ चा प्लाय, तो किचनच्या कपाटाला ठीक आहे. परदेशी प्लॅनमध्ये बीएस १०८८, म्हणजे मरीन प्लायचं ब्रिटिश मानक, लिहिलेलं असतं, तो प्लाय इथे मिळाला तर उत्तमच पण महाग पडतो.

आणि ७१० खरा असला तरी आत फटी असू शकतात, म्हणून मी चारही कडा बघतो, नाण्याने सगळीकडे ठोकत जातो, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो. ६ मिलीच्या शीटमध्ये ५ थर असले तर घेतो, ३ थरवाला सोडतो. मग एक तुकडा घरी आणून उकळायचा. ७१० च्या टेस्टमध्ये प्लाय ७२ तास उकळतात, मी तेवढं करत नाही, पाच-सहा तास उकळतो, दुसऱ्या दिवशी उन्हात टाकतो, तिसऱ्या दिवशी परत उकळतो आणि कडेला सुरी घालून बघतो. तीन दिवस जातात. ज्यांना तीन दिवस थांबवत नाही त्यांनी बोट बांधायला घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्याच उलटी चूक म्हणजे "मजबूत व्हायला पाहिजे" म्हणून सगळीकडे १२ मिली लावणं. आठ बाय चारची ६ मिलीची शीट साधारण १२ किलो भरते, १२ मिलीची २४. सहा शीट लागल्या तर ७० किलो जास्त, म्हणजे एक मोठा माणूस कायमचा बोटीत बसवून ठेवल्यासारखं, आणि मग म्हणतात इंजिन ओढत नाही. बाजूला ६, तळाला ९, ताकद आतल्या फ्रेमने आणायची.

लाकडावर पॉलिस्टर रेझिन

इथे सगळीकडे फायबरच्या बोटी पॉलिस्टर रेझिन (सुकून घट्ट होणारा पातळ माल) आणि काचतंतूंच्या मॅटनेच बनतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं प्लायवरही तेच मारायचं. मोल्डमध्ये पूर्ण फायबरची बोट काढताना ते बरोबर आहे, पण लाकडावर पॉलिस्टर धरत नाही. सुरुवातीला धरल्यासारखं वाटतं. लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हात आखडतं, आणि दोन पावसाळे गेले की सुटायला लागतं. मी माझ्या पहिल्या बोटीला हेच केलं होतं, आणि तिसऱ्या वर्षी बगलेची कड नखाने उचलली तर दीड-दोन फुटांचा पट्टा एका दमात हातात आला, खाली लाकूड कोरडं ठणठणीत, रेझिनचा डागसुद्धा नाही. त्या दिवसापासून लाकडावर फक्त इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं दुसऱ्या जातीचं रेझिन.

इपॉक्सी महाग आहे, मान्य. पण मग इपॉक्सी आणतात आणि त्याच्याखाली घरात पडलेली चॉप्ड मॅट, म्हणजे काचतंतूंचे तुकडे चिकटवून केलेली, वापरतात. ती मॅट ज्या चिकटीने बांधलेली असते ती पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते, इपॉक्सीत स्टायरीनच नसतं, त्यामुळे मॅट कडक राहते, कोपऱ्यावर बसत नाही आणि रेझिन मात्र पोटभर पिते. विणलेलं ग्लास क्लॉथ घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं छोट्या बोटीला पुरतं, तळाला दोन थर.

आता घाईबद्दल. पॉलिस्टरची सवय असलेले लोक इपॉक्सीत "लवकर सुकावं" म्हणून हार्डनर जास्त टाकतात. पॉलिस्टरमध्ये ते घट्ट करणारं कॅटॅलिस्ट एक-दोन टक्के इकडेतिकडे चालतं, इपॉक्सीत हार्डनर हा अर्धा संसार आहे, तो कमीजास्त झाला की माल कायमचा चिकट नाहीतर ठिसूळ राहतो. डब्यावर १०० ला १० लिहिलंय तर १०० ला १०, वजनाने, डिजिटल काट्यावर, अंदाजे झाकणाने नाही. एका वेळी २०० ग्रॅमच्या वर कालवू नका. मे महिन्यात एकाने अर्धा किलो एकदम बादलीत कालवलं, ब्रश शोधायला घरात गेला, परत येईपर्यंत बादलीतून पिवळट धूर निघत होता आणि बादलीचा तळ वितळून खालच्या चिऱ्याला चिकटला होता. मी कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो, उष्णता साठत नाही.

पावसाळ्यात इपॉक्सी काम मी करतच नाही. दमट हवेत सुकलेल्या थरावर तेलकट मेणासारखा थर येतो, तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन, वाळवून, घासून मगच पुढचा कोट मारायचा, नाहीतर वरचा कोट सुटतो.

आणि जे पॉलिस्टर वापरणारच आहेत त्यांना एकच, कोबाल्ट (सुकणं वेगाने व्हावं म्हणून टाकतात ते) आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण कालवा, मग दुसरं.

बाकीच्या चुका थोडक्यात

स्क्रू. पीओपीच्या कामाचे काळे स्क्रू एका मोसमात गंजून लाकूड काळं करतात. पितळेचे खाऱ्या पाण्यात जातात, त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबी भुसभुशीत तुकडा उरतो. स्टेनलेस घ्या, पण ३१६ ग्रेडचे, आणि चुंबक लावून ३०४ की ३१६ ते कळत नाही, कुणी तसं दाखवत असेल तर दुकान बदला. इपॉक्सीचे फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्यातली गोलसर भर, नीट भरले तर स्क्रू नंतर काढून भोकं बुजवता येतात, मी तेच करतो.

लाकूड. ओलं लाकूड घेऊ नका, एवढंच. कील (तळाचा मधला कणा) आणि फ्रेमला ऐनी किंवा सागवान, गाभ्याचं, पांढरं नको. सागाला तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा.

ट्रान्सम, म्हणजे इंजिन बसतं ती मागची फळी. १८ मिलीचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून ३६ होतात, छोट्या इंजिनाला पुरे. पण बोल्टचं भोक पाडून तसंच सोडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. भोक मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मधोमध परत योग्य मापाचं पाडा. इंजिन शॉर्ट शाफ्ट, म्हणजे खालचा दांडा आखूड, असेल तर ट्रान्समची उंची १५ इंच, लाँग असेल तर २०, हे प्लाय कापायच्या आधी ठरवा.

तरंगण्यासाठी सीटखाली थर्माकोल भरतात. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. बंद पेशींचा फोम घ्या, किंवा निदान पेट्रोल पोचणार नाही अशी जागा करा.

पेट्रोलची नळी साधी प्लास्टिकची नको. आता पंपावर ई२० पेट्रोल आहे, इथेनॉलने ती नळी कडक होते, चिरते. आउटबोर्डची पंपगोळा असलेली नळीच घ्या. घरगुती वायरही नको, खाऱ्या हवेत आतलं तांबं काळं पडतं, टिन केलेली वायर मिळते ती आणा.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही. वरून पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारायचाच, चकाकी सुंदर दिसते म्हणून उघडं ठेवलंत तर पिवळं पडून पावडर होते.

ॲल्युमिनियमची बोट करणार असाल तर शीट ५०८३ किंवा ५०५२ ग्रेडची, भांड्यांच्या दुकानातली नाही, आणि तिला तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (तळाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून मारतात तो) कधीच लावू नका, शीटला भोकं पडतात.

आणि पहिली शीट घ्यायच्या आधी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर ऑफिसात जाऊन या. इंजिन लावलेल्या बोटीची नोंदणी लागते, त्यांना लांबी-रुंदी सांगा, काय काय लागेल ते लिहून घ्या, मग दुकानात जा.