गुडघा किती वाकतो? घरच्या मोबाइलवर सांध्याची हालचाल अशी मोजा

करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडून सोलापुरात फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या पेशंटचा अख्खा दिवस एसटीच्या ये-जा करण्यात जातो. सुरुवातीला लोक नेमाने येतात, मग हळूहळू पंधरवड्यातून एक फेरी होते आणि मधले दिवस व्यायाम घरीच चालतो. अशा वेळी फिजिओने फोनवर विचारलं, "मावशी, गुडघा किती वाकतोय?" तर उत्तर येतं, "आधीपेक्षा बरं आहे." ते खरंही असतं, पण तेवढ्यावर व्यायाम वाढवायचा की थांबवायचा हे ठरवता येत नाही. "गेल्या सोमवारी ७२ अंश, आज ८५" असं कळलं की ठरवता येतं. तो आकडा घरातल्या मोबाइलवर काढता येतो.

दवाखान्यात त्यासाठी गोनिओमीटर वापरतात. दोन पट्ट्या आणि मधे कोनमापक, असं हे साधन. मोबाइलचं काम वेगळ्या रीतीने चालतं. त्यात ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो आणि फोन स्थिर धरला की गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याला कळते. त्यावरून फोन किती अंशांनी कललाय ते तो सांगतो. ही एक गोष्ट समजली की पुढच्या बऱ्याच चुका टळतात: फोन कल मोजतो, सांधा मोजत नाही. सांध्याचा कोन आपल्याला त्या कलावरून काढायचा असतो.

आधी परवानगी, मग ॲप

प्लास्टर असेल, बाहेरून सळ्या लावल्या असतील किंवा लिगामेंट वा स्नायूबंधाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर सर्जनने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे सांधा वाकवायचा नाही. आकडा पाहण्यासाठी तर मुळीच नाही. पहिलं मोजमाप फिजिओसमोर करा. त्यांचा गोनिओमीटर आणि तुमचा मोबाइल यांच्यात किती फरक येतो ते तिथेच कळेल.

आयफोनच्या 'मेजर' ॲपमध्ये 'लेव्हल', म्हणजे कल दाखवणारी सोय असते. अँड्रॉइडवर लेव्हलची मोफत ॲप्स भरपूर आहेत. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप दोन्हीकडे चालतं. त्यातलं 'इन्क्लिनेशन' उघडायचं. कोणतंही ॲप घेतलं तरी आधी फोनची लांब कड सपाट फरशीवर टेकवा, तिथे ० दिसायला हवा. मग तीच कड दाराच्या चौकटीला उभी लावा, तिथे ९० दिसायला हवेत. काही ॲप ४५ अंशांच्या पुढे आकडा उलटा मोजतात, तो घोळ इथेच पकडला जातो. फोनचं कव्हर काढा. मागच्या बाजूला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, म्हणून पाठ न टेकवता बटणं नसलेली लांब कड वापरा.

गुडघा वाकवणं

सोबत घरातलं एक माणूस हवं, कारण पडल्या पडल्या स्वतःच्या नडगीवर फोन धरता येत नाही. शक्यतो दर वेळी तेच माणूस आणि तोच फोन असू द्या.

१. लाकडी पलंगावर किंवा फरशीवर सतरंजी टाकून उताणे झोपा. मऊ गादीत कंबर रुतते आणि आकडा बदलतो.

२. पेनाने दोन खुणा करा. एक मांडीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर. दुसरी नडगीच्या हाडावर, वाटीच्या खाली जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या लगेच खाली. प्रत्येक वेळी फोनची कड याच खुणांपासून सुरू करायची.

३. दोन-तीन वेळा गुडघा हलका वाकवून सोडा. मग टाच पलंगावर घासत हळूहळू कुल्ल्याकडे ओढा. ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली की थांबा.

४. त्या स्थितीत सोबतच्या माणसाने कड मांडीवर टेकवावी, आकडा स्थिर होईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबावं आणि तो मोठ्याने सांगावा. मग तसंच नडगीवर.

५. दोन्ही आकड्यांची बेरीज करा. मांडीचा कल ४० आणि नडगीचा ४५ आला, तर गुडघा ८५ अंश वाकला.

६. पाय सोडा, थोडं थांबा, पुन्हा मोजा. असं तीनदा करून सरासरी लिहा.

मांडी गुडघ्याकडे निमुळती होत जाते, त्यामुळे हा आकडा गोनिओमीटरपेक्षा काही अंशांनी वेगळा येऊ शकतो. तरी हरकत नाही, कारण तुमची तुलना तुमच्याच कालच्या पायाशी आहे. चांगला पायही याच रीतीने एकदा मोजून ठेवा. निरोगी गुडघा साधारण १३५ ते १४० अंश वाकतो, पण प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा स्वतःचा दुसरा पाय हेच खरं माप.

पाय पूर्ण सरळ होतो का, हे बघायला लोक विसरतात आणि मला याची जास्त काळजी वाटते. चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकला तरी भागतं, पण तो सरळ होत नसेल तर माणूस लंगडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा आणि त्याच खुणांवर दोन्ही आकडे घ्या. चांगल्या पायाशी तुलना केली की उरलेला बाक दिसतो.

खांदा आणि घोटा

हात समोरून वर नेताना भिंतीला पाठ टेकवून उभे राहा आणि कड दंडाच्या बाहेरच्या बाजूला लावा. कंबर भिंतीपासून सुटली की हात वर गेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात पाठ वाकलेली असते. असा आकडा लिहू नका.

खांदा आखडतो तेव्हा, आणि मधुमेहींमध्ये हे जास्त दिसतं, हात बाहेरच्या बाजूला फिरवणं सहसा आधी कमी होतं. ही हालचाल उभ्याने मोजता येत नाही. हात जमिनीला समांतर फिरतो आणि फोनला त्यात कल सापडतच नाही. म्हणून उताणे झोपा, कोपर अंगाशी ठेवून ९० अंशांत वाकवा, बोटं छताकडे करा. आता पुढचा हात बाहेर झुकवला की तो कलतो आणि फोन तो कल मोजतो. मान डावीकडे-उजवीकडे वळवणंही याच कारणाने झोपूनच मोजायचं. तेव्हा फोन कपाळावर धरायचा.

घोट्यासाठी भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा पुढे न्या आणि नडगी उभ्या रेषेपासून किती झुकली ते बघा. दुसऱ्या पायाशी तुलना करा.

वही आणि आकड्याचा अर्थ

वहीत तारीख, वेळ, व्यायामाआधी की नंतर, स्वतःहून वाकवला की कोणी मदत केली, आणि दुखणं दहापैकी किती, एवढं लिहा. स्वतःहून आणि मदतीने आलेले आकडे एकत्र मिसळू नका. सकाळी सांधा आखडलेला असतो आणि व्यायामानंतर मोकळा, म्हणून वेळ एकच ठेवा. आठवड्यातून दोनदा मोजणं पुरे.

पाच अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातलाच असू शकतो. ८५ चे ८२ झाले म्हणून रडू नका आणि ८८ झाले म्हणून पेढे वाटू नका. दोन-तीन आठवड्यांत आकडे वाढताहेत की घसरताहेत ते बघा. खुर्चीवरून आरामात उठायला साधारण ९० ते १०० अंश लागतात. मांडी घालून भाकरी खायला बसायचं, विड्या वळायला तासन् तास जमिनीवर बसायचं, तर त्याहून बरंच जास्त. आपल्याला कुठवर जायचं आहे हे फिजिओला पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे उद्दिष्ट तुमच्या कामाप्रमाणे ठरेल. गुडघा बदलला असेल तर जमिनीवर बसायचं की नाही, ते सर्जनला विचारूनच ठरवा.

दोन आठवडे आकडा जागचा हलला नाही किंवा घसरत गेला, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता फोन करा. सांधा लाल आणि गरम झाला, ताप आला, किंवा पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर मोजमाप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवी दर आठवड्याला फिजिओला व्हॉट्सॲपवर एवढाच मजकूर पुरतो: "उजवा गुडघा, सकाळी ८, व्यायामाआधी. स्वतःहून ८५, मदतीने ९२. सरळ करताना ५ कमी. दुखणं ४."